हिरवा शालू आणि बँकर

शहापूर तालुक्यात दर पावसाळ्यात धरणीमातेला जितके हिरवे शालू नेसवले जातात, तितके बनारसच्या मागांवर वर्षभरात विणलेही जात नसतील. आसनगावपासून कसाऱ्यापर्यंत कुठल्याही शाळेतली जुलै महिन्यातली निबंधाची वही उघडावी. विषय ‘पावसाळ्यातील एक दिवस’. आकाशात काळे काळे ढग जमतात, विजा कडाडतात, मोर थुईथुई नाचतो, बळीराजा सुखावतो आणि समारोपाच्या जरा आधी धरणीमाता शालू नेसून तयार होते. हे लिहिणारी मुलगी ज्या खिडकीशी बसलेली असते, त्या खिडकीबाहेर खरा पाऊस पडत असतो. एवढा, की शेवटच्या बाकावर बाईंचा आवाज पोचत नाही. पण तो पाऊस वहीत येत नाही. गाइडात त्याचं नाव नाही.

शालूशी माझं वैर नाही. फक्त ऋतूची पंचाईत आहे. जुलै म्हणजे भाताच्या आवणीचे दिवस. राब भाजून झाले, पेर झाली, रोपं खणून झाली आणि आता अख्खं घर वाकून चिखलात उभं. अशा वेळी शालू नेसून कोण उतरतं? इथल्या बाया लुगडं वर खोचून, डोक्यावर इरलं नाहीतर खताच्या गोणीची खोळ घेऊन खाचरात उतरतात. धरणीमाता गावातलीच म्हणायची, तर तिलाही वर खोचायला सांगावं.

काही वर्षं मी मराठी शिकवलं, तेव्हा या शालूचा उगम मला कळला. वर्णन म्हटलं की आम्ही मास्तर मंडळी मुलांना एकच गोष्ट सांगतो: विशेषणं वापरा. मुलं आज्ञाधारक असतात. ती नामाच्या पुढ्यात विशेषण उभं करतात, त्याच्या पुढ्यात आणखी एक, आणि वाक्य वाढदिवसाच्या फलकासारखं दिसू लागतं. सगळ्यांचे फोटो आहेत, वाढदिवस कोणाचा ते कळत नाही.

मराठीत विशेषणांना शेपट्या असतात, हे तर लिहिणाऱ्याला मोठंच आमिष. हिरवंगार, लालबुंद, पिवळाधमक, काळाभोर, पांढराशुभ्र, कोरडाठाक. यातला ‘बुंद’ लालाला सोडून कुठे जात नाही आणि कोरड्याशिवाय ‘ठाक’ला कुणी विचारत नाही. पहिल्यांदा ज्याने ‘हिरवंगार’ म्हटलं असेल, त्याच्या अंगावर शिरशिरी आली असेल. डोळ्याला दिसणारा रंग त्याने कातडीला लावला होता. आज ते वाचताना कोणाला गार वाटत नाही. रंगांच्या शेपट्या झिजल्या. चवीच्या मात्र अजून जागच्या जागी आहेत. ‘आंबटढाण’ वाचून पाहा, गालफडाच्या मागे काहीतरी हलतं. ‘कडूजहर’, ‘तिखटजाळ’ यांचंही तेच. डोळ्यांपेक्षा जीभ निबंधांना कमी सरावलेली असते, एवढाच त्याचा अर्थ मी काढला.

पण वर्णनाचा खरा कारभार विशेषणांच्या हातात नाहीच, असं माझं मत कसाऱ्याच्या वाऱ्या करताना बनत गेलं. तो क्रियापदांच्या हातात आहे, आणि क्रियापदांभोवती घुटमळणाऱ्या बारीकसारीक प्रत्ययांच्या.

पहिलं उदाहरण हवेचं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ 1836 साली छापलं गेलं, तेव्हा मुंबईहून कसाऱ्याला यायला रेल्वे नव्हती. रूळ घाट चढून इगतपुरीला पोचले 1865 मध्ये. म्हणजे मराठीचं व्याकरण घाटातल्या रुळांपेक्षा वयाने मोठं आहे, आणि घाटात ते रुळांइतकंच उपयोगी पडतं. मराठीत काही क्रियापदं अशी आहेत की त्यांना कर्ता लागत नाही. उजाडलं. सांजावलं. गडगडलं. झाकोळून आलं. शाळेच्या पुस्तकात यांना ‘भावकर्तृक क्रियापद’ असं नाव आहे आणि ते ऐकताच वर्गाचा भाव उतरतो. पण ही क्रियापदं जुलैत कसारा घाटात नेऊन सोडावीत. दुपारी दोन वाजता सांजावतं. कोण सांजावतं? कोणी नाही. इंग्रजीला अशा ठिकाणी एक नामधारी कर्ता खुर्चीवर बसवावा लागतो. मराठीला त्या खुर्चीचीच गरज नाही. समोरचा ट्रक दिसेनासा होतो, दरी पुसली जाते, आणि हे कोणी केलं ते विचारायला वाक्यात माणूसच नाही. धुक्याचं याहून नेमकं वर्णन विशेषणांनी करून दाखवावं.

याच घाटात एसटीतल्या माणसाला मळमळतं, तेही भावकर्तृकच. या क्रियेचा कर्ता खिडकीजवळ बसला आहे हे आजूबाजूच्या सगळ्यांना दिसत असतं. व्याकरणाला तेवढं मान्य नसतं.

दुसरं उदाहरण खुद्द कसारा स्टेशनातलं. नाशिककडे जाणारी गाडी इथे थांबते ती आपल्यासाठी, असं प्रवाशांना वाटतं आणि ते वडापाव घ्यायला उतरतात. खरं काम गाडीच्या मागच्या टोकाला चाललेलं असतं. इथून इगतपुरीपर्यंत पंधराएक किलोमीटरांत रूळ जवळपास 300 मीटर वर चढतात. चढ सर्वांत उभा आहे तिथे दर 37 मीटरला एक मीटर. पुढचं इंजिन कितीही तालेवार असलं तरी एवढी गाडी ओढून वर नेणं त्याच्या एकट्याच्या आवाक्यातली गोष्ट नाही. म्हणून शेपटाला दोन-तीन इंजिनं जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. बँकर ओढत नाही, मागून रेटतो. इगतपुरीला त्याला सोडवून घेतात, आणि गाडी स्वतःच चढून आल्यासारखी पुढे निघून जाते.

मराठी वाक्याला असेच बँकर लागतात. ‘सांगितलं’ हे सपाटीवरचं क्रियापद. माहिती या फलाटावरून त्या फलाटावर गेली, संपलं. आता मागे एकेक इंजिन लावून बघू. ‘सांगून टाकलं’ म्हणजे सांगणाऱ्याच्या छातीवरचा दगड उतरला. ‘सांगून ठेवलं’ म्हणजे उद्या काही झालंच तर ‘मी म्हटलं नव्हतं?’ म्हणायची सोय झाली. ‘सांगून पाहिलं’ म्हणजे समोरच्याने ऐकलं नाही, आणि हे ‘नाही’ वाक्यात कुठेही न लिहिता. ‘सांगून बसला’ म्हणजे आता घरच्यांनी निस्तरायचं. सांगण्याची क्रिया पाचही ठिकाणी तीच, पण माणूस पाच वेळा वेगळा दिसला, त्याचा चेहरासुद्धा, आणि एकही विशेषण खर्ची पडलं नाही. टाकणे, ठेवणे, पाहणे, बसणे ही क्रियापदं स्वतःचा अर्थ कसाऱ्यालाच उतरवून ठेवतात आणि फक्त जोर घेऊन मागे लागतात. टाकणाऱ्याने काही टाकलेलं नसतं, बसणारा उभाच असतो.

आसनगावच्या बाजूला म्हातारी माणसं माहुलीच्या डोंगराकडे बघून म्हणतात, ‘ढग येऊन बसलाय.’ आला नाही, बसलाय. त्या एका ‘बसलाय’मध्ये तीन दिवसांचं हवामान आहे: सूर्य दिसणार नाही, कपडे वाळणार नाहीत, आणि पाहुणा जेवल्याशिवाय उठायचा नाही. हेच वाक्य नागपूरकडे ‘ढग येऊन राहिला’ होईल आणि त्याचा अर्थ तो अजून वाटेत आहे असा निघेल. तिकडचे बँकर वेगळ्या शेडमधून येतात.

बँकर नुसताच लावून गाडीला इंजिनच द्यायचं नाही, असाही एक प्रकार आहे. ‘कार्यवाही करण्यात येत आहे.’ डबे तीन, हलत काही नाही.

कल्याणच्या फलाटावर तर कसारा या गावाचं लिंगच बदलतं. गाव पुल्लिंगी, कसाऱ्याला पाऊस आहे, कसारा मोठा झाला, असं आपण म्हणतो. फलाटावर मात्र ‘कसारा गेली का?’, ‘कसारा आज रिकामी होती’, ‘कसारा रद्द केली म्हणे.’ गाडी स्त्रीलिंगी, म्हणून गावही. साहित्यशास्त्राच्या पुस्तकात याला लक्षणा म्हणतात आणि तिचं उदाहरण म्हणून गंगेवरची गवळ्यांची वाडी हजार-दीड हजार वर्षं देत आले आहेत. आता ती वाडी रिकामी करून तिथे कल्याणचा फलाट द्यायला हरकत नाही. ‘मला कसारा पकडायचीय’ म्हणत जिना उतरणारा माणूस, अर्थ लावत बसलं तर, अख्खं गाव पकडायला धावत असतो.

मग गाडी दिसते. दिसते म्हणजे लांबवर दिवा दिसतो. आणि फलाट एका आवाजात म्हणतो, ‘आली, आली!’ भूतकाळ. अजून आलेली नाही, यायला मिनिटभर आहे, प्रसंगी ती दुसऱ्याच फलाटावर जाणार आहे. पण क्रियापद पोचून गेलंय. ‘येत आहे’ म्हणणारा माणूस जागा मिळवू शकणार नाही, कारण ‘येत आहे’ म्हणेपर्यंत ‘आली’वाले पिशवी आत टाकून मोकळे झालेले असतात. काळ भूत आणि घटना भविष्यातली, ही अडचण जुन्या व्याकरणकारांना दिसली होती. म्हणून त्यांनी क्रियापदाचं रूप आणि त्याचा काळ या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या, आणि ‘आला, गेला’ या रूपांना लाख्यात असं नाव दिलं. मोरो केशव दामल्यांच्या 1911 सालच्या जाडजूड ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त अशा गोष्टींचा कीस काढलेला आहे. तो वाचायला चांगली लांबची गाडी हवी. मुंबई ते कसारा हे लोकलचं 120 किलोमीटरांच्या आसपासचं अंतर त्यासाठी पुरत नाही, आणि डुलकी लागली तर त्याहून पुरत नाही.

शब्दांचा क्रमही बदलला आहे का बघा. ‘गाडी आली’ ही बातमी. ‘आली गाडी’ हा प्रसंग. क्रियापद पुढे काढलं की वाक्य धावतं. ‘पडला पाऊस’, ‘गेले पैसे’, ‘आला मोठा शहाणा’. शेवटच्या उदाहरणात तर शब्दांची जागा बदलताच शहाण्याचं शहाणपणच गेलं.

रस्त्याने आलात तर घाटाआधी व्याकरणाचा आणखी एक नमुना मिळतो. ‘अति घाई संकटात नेई’. महामार्गावरची ही पाटी वर्षानुवर्षं सगळे वाचतात. ‘नेई’ हे रूप आता दुसरीकडे कुठे उरलंय? ‘तो रोज पहाटे उठे, नदीवर जाई’ हा आमच्या पुस्तकातला रीती भूतकाळ. बोलण्यातून तो केव्हाच गेला, लिहिण्यातूनही जवळजवळ गेला, आणि सार्वजनिक बांधकामाच्या पिवळ्या पाटीवर मात्र तग धरून आहे. काटेकोर अर्थ लावायचा तर अति घाई पूर्वी संकटात नेत असे, हल्लीचं सांगता येत नाही. पाटीशेजारून एकशे वीसने जाणारे बहुधा हाच अर्थ लावत असावेत.

घाटाच्या अलीकडे जव्हारकडे वळलं की विहिगावचा धबधबा. ‘अशोका’ सिनेमाचं चित्रीकरण तिथे झाल्यापासून तो अशोका धबधबा झाला. 2001 मध्ये सिनेमा आला आणि गेला, धबधबा तिथेच पडत राहिला. पावसाळी शनिवार-रविवारी शहरातली तरुण मंडळी त्याच्यासमोर उभी राहून त्याचं वर्णन करतात. ते एका शब्दात आटोपतं: ‘भारी’. मला आधी वाटायचं की ही विशेषणांची दुष्काळी स्थिती आहे. मग नीट ऐकलं. एक मुलगा फोनवर कोणाला तरी सांगत होता, ‘अरे पाणी असं येतं ना, असं... धाड्‌कन... मग परत असं वर...’ वाक्यात ‘पाणी’ सोडलं तर नाम नव्हतं, ‘असं’ तीनदा होतं आणि त्या प्रत्येक ‘असं’बरोबर त्याचा मोकळा हात हवेत पाण्याचा आकार काढत होता. फोनच्या पलीकडच्याला हात दिसत नव्हता. तरी सांगणारा थांबत नव्हता. हा मुलगा गाइडातला निबंध बोलून दाखवायला लागला असता तर मी त्याला तिथेच ढकलला असता.

संस्कृत साहित्यशास्त्रात या गोष्टीवरून जुनं भांडण आहे. वासरू कसं उड्या मारतं, मूल कसं रांगतं, हे जसंच्या तसं सांगणं म्हणजे स्वभावोक्ती. दंडीने ‘काव्यादर्शा’त तिला अलंकारांत अग्रपूजेचा मान दिला. भामह म्हणाला, काही लोक याला अलंकार म्हणतात खरे. हे ‘काही लोक’ ज्या सुरात म्हटलं असेल तो सूर आपल्याला चांगला ओळखीचा आहे. पुढे कुंतकाने तर मुद्दाच काढला की वस्तूचा स्वभाव हाच दागिना म्हटलात, तर मग दागिना घालायचा कोणाच्या अंगावर? युक्तिवाद बिनतोड आहे. तरी माझं मत दंडीला. कारण माझ्याकडे पुरावा आहे.

तो पुरावा एका वहीतला. विषय तोच, पावसाळ्यातील एक दिवस. लिहिणारा सहावीतला, घाटाखालच्या एका पाड्यावरून चालत शाळेत येणारा. ढग, वीज, मोर यांची हजेरी त्याने रीतसर घेतली होती. पण मोर आणि बळीराजा यांच्या मधोमध, बहुधा गाइडातली पुढची ओळ आठवेना म्हणून, दोन वाक्यं घुसली होती: ‘गाडी बंद झाली म्हणून सर आले नाहीत. आम्ही आलो होतो.’

पुन्हा वाचा. विशेषण नाही, उपमा नाही, पावसाचं नावसुद्धा नाही. आणि पाऊस केवढा पडला ते कळतं. ओढा कुठवर चढला असेल, चपला हातात घेऊन कोण कसं आलं असेल, कुलूप बघून ती पोरं व्हरांड्यात किती वेळ उभी असतील, सगळं कळतं. आता ‘आम्ही आलो होतो’मधला ‘होतो’ काढा. ‘सर आले नाहीत. आम्ही आलो.’ ही हजेरी झाली. ‘आलो होतो’ म्हटल्याबरोबर तक्रार झाली, विजय झाला, थोडा टोमणाही झाला, आणि मुलं घरी परत गेल्याचंही सांगून झालं. आम्ही वर्गात पूर्ण भूतकाळाची व्याख्या घोकून घेतो: क्रिया भूतकाळात होऊन पूर्ण झालेली असते. या मुलाने ती क्रिया पूर्ण करून, वर तिला सरांच्या टेबलावर ठेवून दिली.

समासात तपासणाऱ्याने लाल शाईने लिहिलं होतं: ‘विषयांतर टाळावे. अलंकारिक भाषा वापरावी.’ तपासणारे आणि न आलेले सर एकच होते की काय, हे मी विचारलं नाही.

अलंकारिक भाषेची हौस आपल्याकडे फक्त शाळेत भागवली जाते असं नाही. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात. तानसा 1892 चं. आणि मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपासचा वाटा एकट्या भातसाचा. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मार्च-एप्रिलपासून टँकर फिरतात. त्याबद्दल जे छापून येतं त्यात ‘टंचाईग्रस्त’ हे विशेषण असतं आणि ‘पाणीपुरवठा केला जाईल’ असा कर्मणी प्रयोग असतो, म्हणजे पाणी आहे, पुरवणं आहे, पुरवणारा तेवढा कुठे दिसत नाही. विहिरीत उतरलेली बाई यातला एकही शब्द वापरत नाही. ती म्हणते, ‘वाटीवाटीनं भरायचं.’ एका नामाची द्विरुक्ती आणि पाठीला तृतीयेचा प्रत्यय. त्या दोन वाट्यांच्या मध्ये झरा पुन्हा जमायला जेवढा वेळ लागतो, तेवढा त्या शब्दात ऐकू येतो. याला पुस्तकात पूर्णाभ्यस्त शब्द म्हणतात आणि उदाहरणं देतात लाललाल, हळूहळू. हळूहळू काय ते या बाईला विचारावं.

आता विषय करवंदांकडे नेतो. मे महिना आहे आणि हात चिकट होणार आहेत.

कसाऱ्याच्या फलाटाबाहेर आणि पुढे महामार्गाच्या कडेला पाड्यावरच्या बाया टोपल्या घेऊन बसतात. करवंदं, जांभळं, पळसाच्या पानाचे द्रोण. हा सगळा व्यापार अव्ययांवर चालतो. ‘गोड आहेत’ हे वाक्य तिथे नुसतं कोणी उच्चारत नाही. एकेका अव्ययाने त्याचा भाव चढतो-उतरतो. ‘गोड आहेत ना’ म्हणजे तुम्हीच कबूल करा. ‘गोड आहेत की!’ म्हणजे तुम्ही शंका तरी कशी घेतलीत. ‘गोडच आहेत’ हे सर्वांत धोक्याचं. तो ‘च’ आंबटपणावर दाबून ठेवलेला अंगठा आहे. ‘गोडच आहेत, बघा तर खरं’ असं कोणी म्हणालं, तर बघूच नये.

रांगेच्या टोकाला बसलेली एक म्हातारी यातलं काहीच म्हणत नव्हती. तिच्यासमोर टोपली होती आणि ती रस्त्याकडे बघत होती. मला ही शैली नवीन होती. मी विचारलं, ‘आजी, आंबट आहेत का हो?’

तिने माझ्याकडे बघितलं, मग टोपलीकडे.

‘करवंदा हायत,’ ती म्हणाली.

वीस रुपयांची घेतली. आंबटढाण निघाली.